फिट मम्मी, महागाव

१५ जानेवारी

माहेरून सासरी येऊन चार दिवस झाले. आज दुकान बंद व्हायच्या वेळी गोपालच्या मोठ्या काट्यावर उभी राहिले. गोपाल माझा नवरा. महागावात त्याचं कृषी केंद्र आहे आणि काटा खताची पोती मोजायचा. चौऱ्याहत्तर आले. गोपालनं वाकून आकडा पाहिला आणि म्हणे, अर्पिता, दीड कट्टा भरली तू. कट्टा म्हणजे सोयाबीनचं पन्नास किलोचं पोतं. दुकानातला हमाल खो खो हसला.

मी गोपालला सांगितलं की काटा पोत्यांचा आहे, माणसाचं वजन यावर बरोबर येत नाही. तो म्हणे, पोत्याचं तं बरोबर येते. संध्याकाळी त्याच्या भाजीत मीठ दुप्पट घातलं. त्यानं मुकाट खाल्लं.

निश्चय: सत्तावीस एप्रिलला यवतमाळात माझ्या धाकट्या भावाचं लग्न. त्या दिवशी माझं वजन साठच्या आत. कॉलेजच्या मैत्रिणी येणार आहेत, सगळ्या अजून काडीसारख्या. त्यांच्यापुढं दीड कट्टा म्हणून मी उभी राहणार नाही. मेले तरी नाही.

सोनू झोपलाय. दोन महिन्यांचा झाला. बारशात अधिराज ठेवलं होतं, पण या घरात चांगल्या नावाला कुणी विचारत नाही.

१७ जानेवारी

सोनूला लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं. त्यांनी भाषणच दिलं. अंगावर पाजताय तोवर उपाशी राहायचं नाही. तिन्ही वेळा नीट जेवायचं, मधे भूक लागली तर खायचं, पाणी भरपूर. चालणं हळूहळू वाढवा. महिन्याला दोन किलो उतरले तरी खूप झाले. आणि बाळाचं वजन वाढतंय ना, त्याच्यावर डोळा ठेवा.

महिन्याला दोन म्हणजे लग्नापर्यंत सहा-सात. म्हणजे सदुसष्ट. सदुसष्ट किलोवर लेहंगा म्हणजे सोफ्याचं कव्हर. शिवाय या बाई स्वतः खुर्चीत मावत नाहीत. केस उगवायचं तेल कुणी टकल्याकडून घेतं का?

माझं होमसायन्स झालंय. न्यूट्रिशन माझा विषयच होता, फर्स्ट क्लास आहे. प्लॅन मीच केला. सकाळी जिऱ्याचं पाणी. दुपारी मुगाचं पाणी. चारला ब्लॅक कॉफी. संध्याकाळी काकडी. रात्री काही नाही, फक्त पॉझिटिव्ह थिंकिंग.

१८ जानेवारी

आईनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा आज साधनाताईला देऊन टाकला.

साधनाताई माझी मोठी जाऊ. केळापूरकडची. तिचे यजमान रवीभाऊजी वावर, म्हणजे शेत, बघतात, ती घर बघते. लग्नाला आठ वर्षं झाली तरी काही नव्हतं. मग या दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली, नयन. बाळंतपण इथंच झालं, कारण हिला आई नाही. चांगली गुबगुबीत झाली आहे बाई. ओट्यावर बसली की ओटा संपतो.

लाडू देताना म्हटलं, ताई, मला तुमची काळजी वाटते. ती म्हणे, अवं तू खा न, तू बी पाजून राह्यली. मी म्हटलं मला तूप सोसत नाही. खरं कारण फक्त इथं लिहिते. दोघी जाडजूड असलो तर लोक दोघींना हसतील. ती आणखी जाड झाली की मी तिच्याशेजारी आपोआप बारीक दिसेन. याला अक्कल म्हणतात.

२४ जानेवारी

हळदीकुंकवाची सहा घरं झाली. तिळाचे लाडू, रेवड्या, एका घरी आलूबोंडा. सवाष्णीनं नाही म्हणणं अशुभ, म्हणून खाल्लं. अशुभ टाळायला खाल्लेलं डाएटमध्ये धरत नाहीत. आल्यावर प्रायश्चित्त म्हणून उद्याचं मुगाचं पाणीसुद्धा रद्द केलं. चक्कर येते आहे. चक्कर येणं म्हणजे फॅट जळल्याची खूण.

३१ जानेवारी

सत्तर! पोत्यांचा काटा तसा अचूक आहे.

इन्स्टाग्रामवर पेज उघडलं, नाव फिट मम्मी महागाव. पहिल्या रीलमध्ये मी जिऱ्याचं पाणी पिते आणि हसते. फोन साधनाताईनं धरला. एका हातात फोन, एका खांद्यावर नयन, म्हणून रील जरा हललं. तिला सांगितलं, ताई, जरा फोकस. एका दिवसात अठरा फॉलोअर्स झाले. त्यात गोपाल नाही.

६ फेब्रुवारी

सोनू फार किरकिर करतोय. पाजलं तरी रडतो, मूठ चोखतो, परत पाजलं तर चार घोट घेऊन छातीवर गुद्दे मारतो. बापावर गेलाय, समाधान नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणे, का व, आंगावर दूध हाय का नाई तुह्या? जेवून राह्यली का हवा खाऊन राह्यली? मला इतका संताप आला. मी न्यूट्रिशन शिकलेली बाई आणि मला विचारतंय कोण तर कोकिळाबाई, ज्यांनी आयुष्यात कॅलरी हा शब्द ऐकला नाही. मी म्हटलं, आई, रडल्यानं फुप्फुसं मजबूत होतात. त्या म्हणे, मंग तं तुह पोट्टं पहिलवानच होते. आणि निघून गेल्या.

१० फेब्रुवारी

अंगणवाडीत दोन्ही बाळांना वजनाला नेलं. नयन छान वाढली, गालांनी डोळे झाकलेत. सोनू मागच्या महिन्याएवढाच. ग्रॅमभर नाही.

काटा टांगता होता. टांगत्या काट्यावर माझा विश्वास नाही. आणि खरं सांगायचं तर नजर. आठ वर्षं पाळणा रिकामा, त्यात मुलगी, आणि शेजारच्या खोलीत मुलगा. बाई कितीही साधी असो, तिचा डोळा जाणारच. मी सासूबाईंना दृष्ट काढायला लावली. मिरच्यांचा ठसका आला नाही. साधनाताईनं सोनूला उचललं आणि पदरानं त्याचा घाम पुसला. तो तिच्या गळ्याशी तोंड घासत होता. मी लगेच घेतला. लगेच रडला.

१३ फेब्रुवारी

आजपासून मॉर्निंग वॉक, उमरखेड रोडनं. डाएटला व्यायामाची जोड हवी. सोनूला साधनाताईकडं ठेवून गेले. तिला काय, घरीच असते. वाटेत दोन रील शूट केले, एक सूर्योदयाचा, एक माझा आणि सूर्योदयाचा.

१८ फेब्रुवारी

चमत्कार झालाय. व्यवस्थित लिहून ठेवते.

वॉकहून आले की सोनू गाढ झोपलेला असतो. पोट टम्म, ओठ ओले, चेहरा शेठजीसारखा. उठल्यावर मी पाजायला घेते तर दोन घोट घेतो आणि तोंड फिरवतो. रडत नाही. किरकिर बंद. मी विचार केला आणि कारण सापडलं. व्यायामानं माझं दूध घट्ट झालंय. म्हणजे थोड्यात जास्त ताकद. दोन घोटांत पोट भरतं.

यावर रील केलं. तीनशे लोकांनी पाहिलं. दारव्ह्याच्या एका बाईनं विचारलं, मॅम, माझं बाळ रडतं, काय करू? मी लिहिलं, चाला.

२ मार्च

सहासष्ट.

दुपारीही सोनूला साधनाताईकडंच देते, कारण माझा झुंबाचा व्हिडिओ असतो आणि तो मधेच हात पसरतो. तिच्याकडून आला की अंगाला ओव्याचा आणि बाळंतशेपेचा वास येतो. ती अजून बाळंतिणीसारखं सगळं खाते. चार महिने झाले की हिला. मी सोनूला वाइप्सनं पुसून काढलं.

१० मार्च

अंगणवाडी. सोनू साडेसातशे ग्रॅम वाढला! साडेसातशे! माझ्या डाएटचा विजय. सेविकेला म्हटलं, बघा, आई बारीक आणि बाळ गुटगुटीत, हे सायन्स आहे. ती साधनाताईकडं पाहत होती. साधनाताई खाली पाहत होती.

खाली पाहणारच. नयन वाढली नाही. उलट थोडी उतरली. मला वाईट वाटलं, पण आईनं लक्ष द्यायला नको? दिवसभर माझ्या पोराला मांडीवर घेऊन बसते आणि स्वतःच्या पोरीला झोळीत. मी तसं तिला सांगितलंसुद्धा, प्रेमानं. तिचे डोळे भरले. हल्ली लोकांना फीडबॅक घेता येत नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणे, साधनीच्या जिवावर वाढून राह्यलं तुह पोट्टं, ध्यानात ठेव. सांभाळते म्हणून एवढे उपकार. मी म्हटलं, बरं बाई, साडी घेईन तिला.

१४ मार्च

धूळवड. पुरणपोळ्या दोन खाल्ल्या. तूप न घेता, म्हणजे एकच धरली पाहिजे.

गोपालनं खारका, गूळ आणि आळीव आणले. मला वाटलं माझ्यासाठी, लाजत नाही म्हणाले. तर म्हणे, तुह्यासाठी नाई, वहिनीसाठी हाय. मी विचारलं, काहून? तो म्हणे, असंच. आणि मोटरसायकल पुसायला बाहेर गेला, जी त्यानं सकाळीच पुसली होती. नवरा जावेला खारका आणतो आणि बायकोला दीड कट्टा म्हणतो. मी तीन तास बोलले नाही. त्याच्या लक्षात आलं नाही.

२१ मार्च

चौसष्ट. पण आज आनंद होत नाही. साधनाताई बारीक झाली आहे.

साधी बारीक नाही. गालफडं बसली, ब्लाउज खांद्यावरून उतरतो, पाठीचे मणके दिसतात. ओट्यावर बसली तर ओटा उरतो. मी इथं काकडीवर जगते आणि ही बया न चालता, न नाचता माझ्यापुढं जातेय. मला न सांगता! म्हणून दोन दिवस नजर ठेवली. सकाळी भाकरी आणि दूध. दहाला लाडू, माझेच. दुपारी ताटभर जेवण. चारला सासूबाई स्वतः शिरा करून देतात, तुपाचा, आणि समोर बसून खायला लावतात. मुलगी झाली तरी एवढे लाड. मला कधी विचारलं का शिरा खातेस म्हणून? विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते, पण विचारायला काय जातं?

शेवटी तोंडावर विचारलं, ताई, सिक्रेट काय? ती हसली. म्हणे, कायचं सिक्रेट व, दिवसभर खाऊनच राह्यली मी. पाजून पाजून वाळली.

पाजून! एका मुलीला पाजून कुणी एवढं वाळतं का? मी पण पाजतेच ना. निष्कर्ष: जंत. मेडिकलमधून गोळी आणून दिली. तिनं घेतली नाही, म्हणे पोरायले बाधन.

पोरायले कशाला, पोरीला म्हण की. हिचं व्याकरण असंच आहे.

३० मार्च

पाडवा. गुढी, कडुनिंब, श्रीखंड. श्रीखंड चव बघण्यापुरतं, दोन वाट्या.

दुपारी साधनाताई माझ्या खोलीत आली. दाराशीच उभी. म्हणे, अर्पिता, सोनूचं एक सांगाचं हाय, रागावशीन नाई नं? तो माह्यापाशी असते तवा... मी मेकअप करत होते, लाइव्ह घ्यायचं होतं. म्हटलं, हो हो ताई, माहीत आहे मला, सगळं माहीत आहे, मी काही रागावले नाही. तिला एवढा धीर आला की भिंतीला टेकली. म्हणे, माहीत हाय तुले? मंग बरं झालं बाप्पा, माह्या जिवाले घोर लागलता.

सोनू तिच्याकडं जास्त रमतो हेच सांगायचं असणार. त्यात काय रागवायचं? लहान मुलं नोकरमाणसांकडं रमतातच.

लाइव्हला एकोणीस जण होते.

९ एप्रिल

एकसष्ट!! सगळ्या महागावात माझं नाव झालंय. बचत गटाच्या बायकांनी मला बोलवलं. विषय मीच दिला: पाजता पाजता बारीक. समाजमंदिरात चाळीसेक बायका. साधनाताई दोन्ही बाळं घेऊन मागं बसली होती. मी दूध, प्रोटीन, घट्टपणा, सगळं समजावलं. एकही बाई उठली नाही.

शेवटी प्रश्नोत्तरं. एक म्हातारी उठली आणि म्हणे, बाई, सोनूले पाजते कोण? सगळ्या हसल्या. मी ठणकावून सांगितलं, अर्थात मीच. तेव्हा तर इतक्या हसल्या की एकीचा पदर तोंडात गेला. साधनाताईचं तोंड लालबुंद. ती सोनूला पदराखाली घेऊन बसली होती, मला वाटतं माश्या होत्या म्हणून. इथला विनोद मला आजवर कळलेला नाही. यवतमाळात विनोदाला कारण लागतं.

टाळ्या मात्र खूप पडल्या.

२२ एप्रिल

उद्या सोनूला घेऊन यवतमाळ. लग्नाच्या आधी चार दिवस माहेरी, एकुलत्या बहिणीला जावंच लागतं. साधनाताई आणि बाकीचे लग्नाच्या दिवशी येतील.

ती दोनदा म्हणे, सोनूले नेऊ नको न व, उन्हाचा. राहू दे माह्यापाशी. मग म्हणे, मी येऊ का संगं? मला हसू आलं. माझं लेकरू, माझं माहेर, आणि हिला सोबत यायचंय. सासूबाई म्हणे, अवं राह्यील कसा तो? मी म्हटलं, आईजवळ राहील तसा.

बॅगेत मेकअप, पोटपट्टा, जिरे. लेहंगा आईकडंच आहे.

२३ एप्रिल, यवतमाळ

पोचलो. बेचाळीसचं ऊन. सोनू दिवसभर रडला. प्रवास.

२४ एप्रिल

पाणी बदलल्यामुळं रडतोय. घेतो, ओढतो, सोडतो, लाल होतो, किंचाळतो. मैत्रिणी भेटायला आल्या होत्या. एक म्हणाली, अगं किती बारीक झालीस! हे ऐकायला मी सव्वातीन महिने थांबले होते. ऐकू आलं नाही नीट, कारण सोनू.

आईनं बाटली करून दिली. त्यानं चोखणी जिभेनं बाहेर ढकलली. बाटली त्याला माहीतच नाही. मी म्हटलं, बघ, शुद्ध आईच्या दुधावर वाढलाय, याला वरचं चालत नाही. आई माझ्याकडं पाहत राहिली.

२५ एप्रिल

हा घरातल्या वातावरणाचा परिणाम आहे. बँडवाले, पाहुणे, मेंदीवाल्या. त्याला शांतता लागते.

आईनं दार लावून घेतलं आणि म्हणे, दाब. मी म्हटलं, काय? ती म्हणे, दाबून दाखव मले, येते का. दाबलं. एका बाजूला चार थेंब आले. दुसऱ्या बाजूला तेही नाही.  आईनं वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजायचा प्रयत्न केला. निम्मं मानेवरून गेलं.

दुपारी दवाखान्यात नेलं. सकाळपासून एकदाच शू. टाळू बसल्यासारखी वाटतेय. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती वेळा पाजता? मी मनात मोजायला लागले. सकाळी वॉक असतो. मग आंघोळ. अकराला तो झोपलेला असतो. दुपारी झुंबा. मग एडिटिंग. संध्याकाळी त्याला नको असतं. मोजून काही जमेना. सांगितलं, आठ-दहा वेळा.

डॉक्टर म्हणाले, मग असं कसं? मी म्हटलं, उन्हामुळं.

थेंबाथेंबानं पाजायला सांगितलंय. आई आणि मी आळीपाळीनं. मी आज दोन वेळा जेवले. वरण-भात, तूप घालून. दूध लगेच येत नाही म्हणे.

२६ एप्रिल

हळद. लेहंगा घालून पाहिला, हूक सहज लागले. बाथरूममधल्या काट्यावर एकोणसाठ पूर्णांक दोन. जिंकले.

सोनू आता रडत नाही. रडून दमलाय. मांडीवर पडून पंख्याकडं बघतो. थोडं थोडं चमच्यानं जातंय. मला रडू आलं, हळदीत सगळ्यांना वाटलं भावासाठी.

लहान मुलं एक-दोन दिवस अशी होतात. उद्यापर्यंत ठीक होईल.

२७ एप्रिल

लग्न झालं.

महागावची गाडी अकराला आली. मी हॉलच्या दाराशी स्वागताला उभी, लेहंग्यात, कडेवर सोनू. मैत्रिणी फोटो काढत होत्या. साधनाताई गाडीतून उतरली आणि लांबूनच म्हणे, सोन्या, अरे माह्या राजा. एवढंच.

सोनूनं मान वर केली. दोन दिवस ज्यानं मान वर केली नव्हती त्यानं. आणि असा काही टाहो फोडला की बँड थांबला. दोन्ही हात तिच्याकडं. मी धरून ठेवत होते आणि तो माझ्या ओढणीवर पाय देऊन तिच्याकडं झेपावत होता. तिनं घेतला. तो तिच्या ब्लाउजवर तोंड मारायला लागला, कोकरासारखा. तिनं इकडंतिकडं पाहिलं नाही. दारातल्याच खुर्चीवर बसली, पदर घेतला आणि पाजायला लागली. त्याचे घटाघट घोट मला ऐकू येत होते. मैत्रिणींनाही ऐकू येत होते. एकीनं फोन खाली केला.

सासूबाई नयनला मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. नयनला वाटीनं गाईचं दूध पाजत होत्या. पोरीचे हात काटक्या झाले आहेत. मी इतक्या दिवसांत पाहिलेच नव्हते.

मी विचारलं, केव्हापासून? साधनाताई म्हणे, तू फिराले जात जाय तवापासून. रडून राह्यलता तो. काय करू मी, पाहत राहू? मग घाबरून म्हणे, तुले तं माहीत होतं न? तूच म्हणे पाडव्याले. सासूबाई म्हणे, आधी याले, मंग पोरीले, मीच सांगतलं तिले. पोट्टं हातचं गेलं असतं. पोरीले वरचं चालते.

मी गोपालकडं पाहिलं. तो म्हणे, मले वाटलं सांगतलं असन बायकांनी. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणवाडीवालीला, बचत गटाला, समाजमंदिरातल्या म्हातारीला.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी साधनाताईला म्हटलं, तुम्ही मला विचारायला हवं होतं. ती म्हणे, हो, चुकलं माह्यं. आणि सोनूला दुसऱ्या बाजूला घेतलं.

मंगलाष्टकांना मी भावाच्या मागं उभी होते. सगळे म्हणत होते, किती बारीक झाली. मी थँक्यू म्हणत होते.

२८ एप्रिल

सकाळी साऱ्यांची निघायची घाई. आज संध्याकाळी रिसेप्शन, उद्या सत्यनारायण, मला राहावं लागणार. साधनाताईला थांबता येत नाही, रवीभाऊजींना वावरातून घरी आलं की भाकरी लागते.

आंघोळ करून, पोटभर खाऊन मी सोनूला जवळ घेतलं. आईनं पहाटेच आळिवाची खीर केली होती. पदर घेतला, तसाच, तिच्यासारखा. त्यानं तोंड लावलं. ओढलं. थांबला. माझ्याकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. जबरदस्ती केली तर रडेल म्हणून नाही केली.

आई म्हणे, पाजत राह्य, येईन हळूहळू. किती दिवसांत, ते तिनं सांगितलं नाही.

सासूबाई आल्या. म्हणे, आम्ही नेतो याले, तू ये दोन दिवसांनी. साधनाताई मागं उभी होती, नयन एका कडेवर. दुसरी कड रिकामी. ती म्हणे, तुले चालते का व? खरंच विचारत होती. मी नाही म्हणाले असते तर तिनं नेलं नसतं.

मी हो म्हटलं. त्याच्या टोपड्याचा बंद बांधला आणि दिला.

गाडीत बसताना रडला नाही. मी काचेवर बोट वाजवलं तेव्हा त्यानं वळून पाहिलं आणि हसला. सगळ्यांनाच हसतो तो.